भुरीची एकच आंघोळ

पहाटे चूल पेटवायच्या आधी काकी चुलीला हाक मारायच्या, "ऊठ गं बाय, चल भायेर." मग वैलाखालची राख हलायची. आधी दोन कान वर यायचे, मग मिशा, मग आळस देत अख्खं मांजर. अंग झाडलं की स्वयंपाकघरात राखेचा लहानसा ढग उठायचा. काकी तिला मानेशी धरून जुन्या लुगड्याच्या कोरड्या फडक्याने खसाखसा पुसायच्या आणि ओटीवर सोडून द्यायच्या. तिचं नाव भुरी. खरं तर ती पांढरीशुभ्र होती, पण हे मला त्या घरात राहायला आल्यावर तिसऱ्या दिवशी कळलं. पहाटे भुरं असलेलं मांजर शाळेची घंटा व्हायच्या वेळेला पांढरं झालेलं असायचं.

शहापूर तालुक्यात, डोळखांबच्या अंगाला एका पाड्यावर मी तेव्हा शिक्षक होतो आणि काकींच्या पडवीतल्या खोलीत राहत होतो. काकींचं माहेर मुरबाडकडचं. तिथल्या म्हसा गावी पौषातल्या पौर्णिमेला म्हशाची जत्रा भरते. बैलांचा बाजार आणि घोंगड्या यांसाठी ती दूरवर माहीत आहे. एका वर्षी काकींचा भाऊ तिथून घोंगडी घेऊन किन्हवलीमार्गे बहिणीकडे आला आणि घोंगडीच्या घडीत हे पिल्लू होतं. काकींच्या कणगीला उंदरांनी भोकं पाडली होती, म्हणून माहेराने तांदळाची राखण पाठवली. पौषातल्या थंडीत त्या पिल्लाने पहिल्याच रात्री घरातली सर्वांत उबदार जागा शोधली आणि तेव्हापासून चूल तिची झाली.

भुरी स्वतःला कशी साफ करते, हे मी ओटीवर बसून तासन्‌तास पाहिलं आहे. आधी ती पुढचा पाय चाटून ओला करणार. मग तोच पाय कानामागून डोळ्यांवर, डोळ्यांवरून नाकापर्यंत फिरवणार. मग दुसरा पाय, दुसरी बाजू. मग छाती, कुशी, एक तंगडी आभाळाकडे करून पोट, आणि शेवटी शेपटी, बुडख्यापासून टोकापर्यंत. मध्येच कुणी हाक मारली तर जीभ तशीच बाहेर ठेवून एक क्षण थांबणार आणि जिथे सोडलं होतं तिथून पुन्हा सुरू करणार. वर्गातल्या पोरांचे पाढेही इतक्या सरळ रांगेत येत नसत.

तिची जीभ हाताला लागली की कानशीसारखी खरखरीत वाटते. त्या जिभेवर घशाच्या दिशेने वळलेले बारीक काटे असतात, आपल्या नखांच्याच द्रव्याचे. जॉर्जिया टेक या अमेरिकी संस्थेतल्या अॅलेक्सिस नोएल आणि डेव्हिड हू यांनी २०१८ साली दाखवून दिलं की या काट्यांची टोकं पोकळ, पळीसारखी असतात. तोंडातली लाळ त्या पळ्यांत आपोआप चढते आणि केसांच्या मुळाशी, थेट कातडीपर्यंत जाऊन पोचते. म्हणजे मांजराच्या जिभेवर शेकडो पळ्या आहेत आणि ते स्वतःला पळीपळीने न्हाऊ घालत असतं. वैशाखात भुरी दुपारभर चाटत बसायची, तेही नुसतं साफ होण्यासाठी नव्हे. मांजराला घाम येतो तो बहुतेक पायांच्या गाद्यांनाच, त्यामुळे अंगावरची लाळ सुकताना जो गारवा देते, त्यावर उन्हाळा काढायचा.

तरी मी शिकलेला माणूस. पहिल्याच महिन्यात शहापूरच्या बाजारातून शांपूची पुडी आणली आणि बादली भरायला घेतली. काकी दारातून म्हणाल्या, "मास्तर, ती काय गोधडी हाय का, बडवून वाळत घालाया?" मग बादलीकडे बघून थोड्या हळू आवाजात म्हणाल्या, "आनि पानी?"

त्या 'आनि पानी'चा अर्थ मला फाल्गुन संपता संपता कळला. पाड्यामागच्या डोंगराच्या सोंडेवर चढलं की खाली भातसाचं पाणी चमकताना दिसतं. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांत सर्वांत मोठा साठा या भातसाचा. त्याच तालुक्यातलं तानसा तर १८९२ पासून मुंबईची तहान भागवतंय. आणि उन्हाळ्यात इथल्या पाड्यांवर टँकर येतो. तो पाणी विहिरीत ओततो, बाया वरून कळश्या सोडतात. गढूळ, डिझेलच्या वासाचं ते पाणी हंड्यात शांत व्हायला ठेवावं लागतं. चार हंड्यांत घर चालवायचं, त्यातच गुरं, त्यातच भांडी, त्यातच मास्तर. शांपूची पुडी मी गुपचूप स्वतःच्या डोक्यावर संपवली.

मग काकींचं बघत बघत शिकत गेलो. एक गोष्ट त्यांनी कधी बोलून दाखवली नाही, पण त्यांच्या प्रत्येक हालचालीत ती होती. मांजराच्या अंगावर जे पडतं, ते त्याच्या पोटात जातं. जिभेने धुणाऱ्याचा मळ दुसरा जाणार कुठे? म्हणून राख चाटायच्या आधी ते कोरडं फडकं. म्हणून चुलीत प्लास्टिक टाकायला बंदी. बिस्किटाचा रिकामा पुडा मी एकदा आगीत टाकला, तर काकींनी चिमट्याने तो अर्धा जळालेला बाहेर काढला. "राख तिची हाय," एवढंच म्हणाल्या.

प्रत्येक ऋतूचा मळ वेगळा. आवणीच्या दिवसांत भुरी बांधावरून यायची ती चारी पाय चिखलाचे मोजे घालून. चिखल वाळू द्यायचा, मग तो बोटांनी चुरला की सुटतो. ओला असताना पुसायला गेलं की केसांत आणखी मुरतो. भादवा-आश्विनात आघाड्याचं बी आणि गवताची कुसळं. ही कुसळं वाईट. बगलेत, बोटांच्या बेचक्यात, कानात शिरतात आणि पुढेच सरकत जातात. संध्याकाळी कंदिलाजवळ भुरीला मांडीवर घेऊन एकेक कुसळ निवडायचं, हे काकींचं तांदूळ निवडण्याइतकंच ठरलेलं काम. केसांची गाठ बसली असेल तर खोबरेल तेलाचा एक थेंब लावून ती मोकळी करायची, नाहीच सुटली तर कात्रीने तेवढीच कापायची. पिसवांसाठी उवांची फणी. फणीत आलेली पिसू नखावर मारायची नाही, वाटीतल्या साबणाच्या पाण्यात बुडवायची, कारण ती उडी मारून पुन्हा गोधडीत जाते. आणि नुसतं मांजर विंचरून पिसवा संपत नाहीत. त्यांची अंडी मांजराच्या अंगावरून जमिनीवर, अंथरुणावर गळतात. म्हणून भुरीचं गोणपाट कडक उन्हात टाकणं आणि तिची बसायची जागा झाडून काढणं, हीही तिचीच स्वच्छता.

केस पोटात साठले की ती परसात हरळीची पाती चावून ओकायची. घाण करायला ती उकिरड्याच्या कडेला जायची आणि मातीने नीट झाकून यायची. काकींची सून गरोदर होती, तेव्हा त्या कोपऱ्यातली माती उकरायचं, शेणखत भरायचं काम काकींनी तिच्याकडून काढून घेतलं होतं. मांजराच्या विष्ठेतून पोटातल्या बाळाला अपाय करणारा जंतू जाऊ शकतो, हे मी पुस्तकात वाचलेलं. काकींनी वाचलं नव्हतं, पण काम काढून घेतलं होतं.

आता माझी चूक सांगतो. मे महिना होता. गोठ्यात बैलांना गोचीड फार झाले होते आणि दोनचार भुरीच्या कानामागेही चिकटले. गोठ्याच्या फळीवर बैलांच्या गोचीडांचं औषध होतं, पाण्यात मिसळून लावायचं. बैलाला चालतं ते मांजराला का नाही, असा मी हिशेब केला. मांजर लहान म्हणून औषध कमी, इथवर माझी अक्कल चालली. कापसाने तिच्या पाठीवर, मानेवर लावलं आणि समाधानाने हात धुतले.

संध्याकाळी भुरीच्या तोंडातून लाळ गळू लागली. कान फडफडायला लागले, मग मागचे पाय, मग सगळं अंग थरथरू लागलं. बैल आणि कुत्रे ज्या औषधाने गोचीडमुक्त होतात, त्याच जातीचं औषध मांजराच्या जिवावर उठतं. मांजराच्या यकृताला असली द्रव्यं मोडून बाहेर टाकायची ताकद फारच तोकडी असते. फिनेलचंही तेच. आणि त्यात ती ते चाटत होती. मी लावलेलं विष ती इमानाने, रोजच्या शिस्तीने, पळीपळीने पोटात घालत होती.

गुरांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "आधी धुवा. कोमट पाणी, भांड्यांचा साबण, दोनतीनदा. मग कोरडी करून उबेत ठेवा, चाटू देऊ नका आणि सकाळी घेऊन या." मी फोन ठेवून काकींकडे पाहिलं. त्या दिवशी टँकर आला होता आणि काकी अर्धा दिवस विहिरीवर उभ्या राहून चार हंडे घेऊन आल्या होत्या. पुढचा टँकर कधी, ते कुणाला ठाऊक नव्हतं. काकींनी काहीच विचारलं नाही. पहिला हंडा चुलीवर चढवला.

भुरी थरथरत होती म्हणून ओरबाडण्याचंही बळ नव्हतं. काकींनी धरलं, मी साबण लावला, सुनेने तांब्याने पाणी ओतलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. भिजलेलं मांजर किती एवढंसं असतं! दोन हंडे त्या रात्री अंगणातल्या मातीत जिरले. मग काकींनी म्हशाची ती घोंगडी काढली आणि भुरीला मानेपर्यंत अशी गुंडाळली की जीभ अंगाला पोचू नये. रात्रभर आम्ही आळीपाळीने तिला घेऊन बसलो. सकाळी पहिल्या एसटीने, पिशवीतून तोंड बाहेर काढलेली भुरी दवाखान्यात गेली. तिसऱ्या दिवशी तिने स्वतःहून पुढचा पाय उचलला, चाटला आणि कानामागून फिरवला.

काकी मला रागावल्या नाहीत. गोठ्यातली ती बाटली मात्र त्यांनी फळीवरून काढून पत्र्याच्या पेटीत कुलपात ठेवली. मी पोरांना स्वच्छतेचा धडा शिकवत असे, त्यात साबण होता, पाणी होतं, नखं होती. त्या उन्हाळ्यानंतर त्यात एक ओळ वाढवली: ज्याला साफ ठेवायचं, त्याच्या वाटेला आपली घाण जाऊ द्यायची नाही. मांजराला तर बाकी सगळं येतं.

तेव्हा तुमच्या घरी मांजर असेल तर त्याच्यासाठी फणी ठेवा, कोरडं फडकं ठेवा, त्याचं अंथरूण उन्हात टाका. बैलाचं, कुत्र्याचं औषध त्याला लावू नका. गोचीड, पिसवांसाठी काही लावायचंच असेल तर मांजराचंच, आणि डॉक्टरांना विचारून. त्या चार हंड्यांतलं भुरीच्या वाटणीचं पाणी रोज एक वाटी होतं, तेही प्यायला.