जीसी जनुकास अनावृत पत्र

जीसी जनुका,



तुझ्यापायी ज्यांना आजवर फुकट बोलणी खावी लागली, त्यांच्या वतीने हे पत्र लिहिते आहे.

रिपोर्टमध्ये ‘ड’ जीवनसत्त्व कमी आलं की ठरलेला सल्ला मिळतो, “जरा उन्हात जात जा.” ऊन, त्वचेचा रंग, वय, वजन, दिवसभर चार भिंतींत राहणं यांचा वाटा मोठा आहेच. पण एका घरातल्या दोन जावा घे. जेवण एकाच चुलीवरचं, पापड-कुरडया वाळत घालायची गच्चीही एकच. तरी एकीचा आकडा बरा येतो, दुसरीचा तळाला जातो. मग दुसरी आळशी ठरते. तिच्यासोबत माहेराहून तुझं वेगळं रूप आलं असेल, हे कुणाच्या मनातही येत नाही.

चौथ्या गुणसूत्रावर बसून तू यकृताकडून एक प्रथिन घडवून घेतोस. रक्तातलं बहुतेक ‘ड’ त्या प्रथिनाला धरूनच फिरतं. तुझे सोबतीही कमी नाहीत. उन्हाने ज्या कच्च्या मालाचं त्वचेत ‘ड’ व्हायचं, तोच माल डीएचसीआर७ कोलेस्टेरॉलकडे वळवतं. सीवायपी२आर१ यकृतात ‘ड’वर पहिली प्रक्रिया करतं, तर सीवायपी२४ए१ त्याची विल्हेवाट लावतं. २०१० साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या, युरोपीय वंशाच्या सुमारे ३४ हजार लोकांच्या अभ्यासात तुम्हा मंडळींची नावं पुढे आली. प्रतिकूल रूपं ज्यांच्या वाट्याला जास्त, त्यांच्यात ‘ड’ अपुरं असण्याचं प्रमाणही ठळकपणे जास्त होतं.

तुझ्या बाबतीत आणखी एक गोष्ट लोकांपर्यंत पोचायला हवी. नेहमीच्या तपासणीत दिसतो तो एकूण ‘ड’चा आकडा. तुझ्या काही रूपांमुळे ते वाहक प्रथिनच कमी असतं, म्हणून आकडाही कमी दिसतो. पेशींना मिळणारं मोकळं ‘ड’ मात्र तेवढं घटलेलं असेलच असं नाही. म्हणून हाडं, कॅल्शियम आणि लक्षणं पाहिल्याशिवाय नुसत्या आकड्यावर निदान होत नाही. मनानेच ६०,००० युनिटची पुडी महिनोन्‌महिने दुधात घालून घेणं तर धोक्याचं आहे. अतिरेक झाला की रक्तात कॅल्शियम वाढतं आणि मूत्रपिंडांना इजा होते.

संशोधकांशीही माझं भांडण आहे. २०२० साली ब्रिटनच्या ‘यूके बायोबँक’मधल्या चार लाखांहून अधिक लोकांच्या माहितीतून ‘ड’च्या पातळीशी निगडित १४३ जागा सापडल्या. तेही लोक युरोपीय वंशाचेच. आमच्या रक्तातली तुझी रूपं तिकडच्या मापाने का मोजायची? आमच्याकडे इतकं ऊन असून इतक्यांना कमतरता का, याचं उत्तर आमच्याच लोकांच्या मोठ्या अभ्यासातून यायला हवं.

तू आमचं विधिलिखित नाहीस. आकड्यांतल्या फरकाचा काही भागच तुझ्याकडे आणि तुझ्या सोबत्यांकडे जातो. ऊन आणि योग्य औषध प्रतिकूल रूपं असलेल्यांनाही लागू पडतं. त्यासाठी महागड्या जनुकीय चाचणीमागे धावायची गरज नाही.

हे पत्र वाचणाऱ्यांना एवढीच विनंती: घरात कुणाचं ‘ड’ कमी आलं तर आधी त्यांना दोष देणं थांबवा. आईवडील, भावंडं यांचे रिपोर्ट कसे होते ते विचारा, डॉक्टरांना सांगा आणि डोस त्यांनी ठरवलेलाच घ्या.

कळावे,
तुझं एक रूप बाळगणारी