लिंबासाठी केंब्रिजला जा!

हे मला आधी कुणी सांगितलं कसं नाही? केंब्रिजला गेलेली माणसं किंग्ज कॉलेजचं चॅपल बघतात, होडीत बसतात, फोटो काढतात आणि परत येतात. अहो, कॅसल स्ट्रीटजवळचं 'केटल्स यार्ड' बघा! दोरी ओढून घंटा वाजवायची. आत घेतात आणि चक्क खुर्च्यांवर बसू देतात. चित्रांखाली पाट्या नाहीत. संग्रहालय कसलं, घरच ते!

घर जिम ईड यांचं. शिकले चित्रकला, पण नाव झालं ते लंडनच्या टेट गॅलरीतल्या नोकरीमुळे आणि चित्रकारांच्या दोस्तीमुळे. १९५७ साली त्यांनी आणि पत्नी हेलन यांनी चार पडकी घरं घेऊन त्यांचं एक केलं. दुपारी विद्यार्थ्यांसाठी दार उघडं. १९६६ मध्ये सगळं विद्यापीठाला देऊन टाकलं.

आता ते लिंबू. चित्रकार मिरोच्या चित्रात एक पिवळा ठिपका आहे आणि जवळच जस्ती रंगाच्या थाळीत एक खरंखुरं लिंबू. बस्स! मी लांबूनच डोळ्यांसमोर बोट धरून ठिपका झाकला, तर चित्रच कोसळलं. बोट काढलं, पुन्हा उभं राहिलं. किती वेळ हाच खेळ!

मग काय, डोळे सैरभैर. ब्रांकुशीचं शिल्प पियानोवर. ल्युसी री यांची मातीची भांडी. गोल गोट्यांचं मोठ्यापासून लहानापर्यंत फिरत गेलेलं वेटोळं. आणि आल्फ्रेड वॉलिस! या म्हाताऱ्या कोळ्यानं सत्तरीत ब्रश धरला, पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर होड्यांच्या रंगानं होड्या रंगवल्या, आणि ईड त्या टपालानं मागवत. समुद्रकाठच्या गोट्याला इथे ब्रांकुशीइतकाच मान. जागा बदलली तर दोघांचंही बिघडेल, अशी मांडणी.

मला पुण्याचे दिनकर केळकर आठवले. कवी माणूस अडकित्ते आणि दिवे जमवत हिंडला, तोही याच वेडानं. पण आपले अडकित्ते संग्रहालयात काचेआड गेले. एखादा पानाच्या तबकात, बैठकीवर, चित्रकार दलालांच्या चित्राखाली मांडून बघायला हवा, असं तिथे बसल्या बसल्या वाटत राहिलं.

सगळ्यात कडी म्हणजे ईड यांनी विद्यार्थ्यांना खोलीत लावायला अस्सल चित्रं उसनी द्यायला सुरुवात केली. ती पद्धत आजही चालू आहे, तीही नाममात्र भाड्यात. आमच्या होस्टेलच्या भिंतीवर कॅलेंडर होतं हो!