मोटारींच्या माहेरचा रस्ता

अमेरिकेच्या मिशिगन राज्यात डेट्रॉईट नदीच्या काठावरून एक रस्ता निघतो आणि सुमारे ४३ किलोमीटर जाऊन पाँटिअ‍ॅक गावात पोहोचतो. नाव वुडवर्ड अव्हेन्यू. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी इथे गेलात, तर रस्त्याच्या दोन्ही कडांना घडीच्या खुर्च्या टाकून बसलेली कुटुंबेच्या कुटुंबे दिसतील. आजोबांपासून नातवापर्यंत सगळे हजर. अगदी गावची जत्राच म्हणा ना! मिरवणूक मात्र निघते ती जुन्या मोटारींची. १९९५ मध्ये फर्नडेल या उपनगरात फुटबॉलच्या मैदानासाठी निधी गोळा करायला म्हणून ही प्रथा सुरू झाली, आणि बघता बघता तिचा उत्सव झाला.

या गर्दीत एखाद्या गाडीच्या काचेवर ‘विकणे आहे’ असा पुठ्ठा लावलेला असतो. गाडी १९६४ ची पाँटिअ‍ॅक जीटीओ असेल, तर भोवती हमखास घोळका जमतो. ‘मसल कार’, म्हणजे पिळदार गाडी, या जातीची खरी सुरुवात बहुतेक जाणकार याच गाडीपासून मानतात. युक्ती साधी होती : मध्यम आकाराच्या घरगुती गाडीत थोरल्या गाडीचे इंजिन बसवायचे. जनरल मोटर्सच्या नियमांत हे बसत नव्हते. तेव्हा जॉन डीलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘जीटीओ’ ही वेगळी गाडी न दाखवता टेम्पेस्ट ल मान्स या गाडीवर जादा पैसे भरून मिळणारी सोय म्हणून विकायला काढली. पहिल्याच वर्षी अशा ३२,४५० गाड्या गेल्या! तिचे इंजिन ६.४ लिटरचे. आपल्या मारुती ८०० ची आठ इंजिने एकत्र केली, तर तेवढे व्हावे.

पण नेमकी हीच पळवाट आज गिऱ्हाइकाला घोर लावते. १९६४ आणि ६५ च्या गाड्यांच्या क्रमांकावरून जीटीओ कोणती आणि साधी ल मान्स कोणती, हे कळतच नाही. म्हणून जुन्या ल मान्सवर जीटीओची अक्षरे चढवून ती दामदुप्पट भावाने विकणे अवघड नसते. चोखंदळ माणूस यासाठी आधी कागद मागतो. कारखान्यातून गाडी निघाली तेव्हाच्या बिलाची प्रत, इंजिनावर ठोकलेली खूण, दोन्ही जुळले तरच पुढची बोलणी.

मग पाळी पत्र्याची. इथल्या हिवाळ्यात बर्फ वितळावे म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात, आणि ते मीठ गाडीला खालून खात जाते. गंमत म्हणजे मिठाची मोठी खाण डेट्रॉईट शहराच्याच पोटात, सुमारे साडेतीनशे मीटर खोल आहे. ज्या शहराने गाड्या घडवल्या, त्याच्याच पोटातले मीठ त्यांना पोखरते! गंजलेला भाग कापून नवा पत्रा जोडणे हे खरे काम. नुसती पुटी भरून वरून रंग मारणे ही फसवणूक. म्हणून जाणकार खिशात लोहचुंबक घेऊन फिरतात. ते रुमालात गुंडाळून दारांच्या खालच्या कडेवर फिरवायचे. जिथे पकडत नाही, तिथे पुटी आहे असे समजावे.

वुडवर्ड रस्त्याने नदीकडून निघालात, की असाच एक हिशेब शहराचाही मनात सुरू होतो. वाटेत कलासंग्रहालय लागते. तिथे दिएगो रिव्हेरा यांनी १९३२-३३ मध्ये रंगवलेली कामगारांची भव्य भित्तिचित्रे आहेत. पुढे हायलंड पार्क. फोर्डची सरकत्या पट्ट्यावर मोटारी जोडण्याची पद्धत १९१३ मध्ये इथेच आकाराला आली. त्याच हायलंड पार्कमध्ये विजेचे बिल थकले म्हणून २०११ मध्ये रस्त्यावरचे हजाराहून अधिक दिवे काढून नेण्यात आले. १९५० मध्ये साडेअठरा लाख वस्तीचे डेट्रॉईट २०२० च्या शिरगणतीत साधारण ६ लाख ३९ हजारांवर आले होते. २०१३ मध्ये शहराने दिवाळखोरी जाहीर केली. रस्त्याच्या त्या टोकाला पाँटिअ‍ॅक गाव अजून आहे, पण त्याच्या नावाची गाडी जनरल मोटर्सने २०१० मध्ये कायमची बंद केली.

मुंबईकरांना हे दुःख परके वाटणार नाही. याच जनरल मोटर्सचा कारखाना १९२८ ते १९५४ या काळात आपल्या शिवडीला होता. आणि कुर्ल्यात बनलेल्या पद्मिनीची शेवटची काळीपिवळी टॅक्सी २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली, तेव्हा किती जणांना हळहळ वाटली!

म्हणूनच वुडवर्डवरच्या त्या पुठ्ठ्यापाशी भावाची घासाघीस पैशांपुरती राहत नाही. विकणाऱ्याच्या कित्येक संध्याकाळी त्या गाडीखाली गेलेल्या असतात. कारखाना बंद झाला, तरी पत्रा सरळ करणारा आणि तीन कार्ब्युरेटर एका सुरात लावणारा हात अजून शाबूत आहे, याचीच ती गाडी साक्ष असते. मात्र असे हात आता थकत चालले आहेत. घेणाऱ्याने गाडीची किल्ली घ्यावीच. पण जमल्यास विकणाऱ्याच्या शेजारी बसून चार दिवस ती विद्याही शिकून घ्यावी.