वहीच्या समासातील लाटा

व्यापारी घरात वहीचा मान मोठा. दिवाळीला चोपडापूजन होते, पहिल्या पानावर 'श्री'चा शिखर रचला जातो, गौतमस्वामींच्या लब्धीची याचना लिहिली जाते. त्या पानावर उगाच ओढलेली एक रेघही वडीलधाऱ्यांना खटकते. अशा घरातील मुलाच्या गणिताच्या वहीत बेरजेशेजारी समुद्राच्या लाटा निघाल्या, तर आईवडिलांना चिंता वाटणारच: याचे चित्त पेढीवर बसणार कधी?

कॅलिफोर्नियात १९४४ साली जन्मलेला रिक ग्रिफिन असाच एक विद्यार्थी. वडील अभियंते, घर लॉस एंजेलिसजवळ पालोस व्हर्डेसला, समुद्र हाकेच्या अंतरावर. चौदाव्या वर्षी टॉरन्सच्या किनाऱ्यावर तो फळीवर उभे राहून लाटेवरून घसरत येण्यास शिकला. तेव्हापासून शाळेत बसला तरी हातातून सर्फरच उमटत.

लाटेचे चित्र वाटते तितके सोपे नाही. खोल पाण्यातून आलेली लाट उथळ तळाला अडखळते. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वा ते दीडपट उरली की लाट फुटते. तळाचे पाणी मागे रेंगाळते, माथा पुढे झेपावतो आणि त्या कमानीखाली क्षणभर एक पोकळी तयार होते. सर्फर त्या पोकळीच्या शोधात असतो. तो क्षण कागदावर अचूक धरायचा, तर समुद्राकडे तासन् तास टक लावून पाहिलेले असले पाहिजे. सामायिकाच्या अठ्ठेचाळीस मिनिटांत मन किती वेळा निसटते हे ज्यांनी अनुभवले आहे, त्यांना अशा पाहण्याची किंमत सांगावी लागत नाही. अर्थात शिक्षकांच्या दृष्टीने ते चित्त भरकटलेलेच होते, आणि त्यांचेही चुकत नव्हते.

रिकच्या या छंदाची पहिली पारख केली ती एका दुकानदाराने. हर्मोसा बीचवर फळ्या बनवून विकणारा ग्रेग नोल स्वतः नामांकित सर्फर. १९५७ मध्ये हवाईच्या वायमिया उपसागरातील प्रचंड लाटांवर उतरणाऱ्या पहिल्यांपैकी एक. त्याच्या दुकानात रिकला पहिले काम मिळाले. पुढे जॉन सेव्हरसन भेटला. हाही चित्रकार, सर्फिंगला वाहिलेले मासिक त्याने १९६० मध्ये अवघ्या छत्तीस पानांनिशी सुरू केले होते. १९६१ मध्ये त्यात रिकचा 'मर्फी' अवतरला: बुटका, भाबडा, लाटेवेडा पोरगा. दुसऱ्याच वर्षी तो मुखपृष्ठावर झळकला. चित्रकार अजून विशीतही पोचला नव्हता.

समासात लाटा काढणारी मुले तेव्हा त्या किनाऱ्यावर असंख्य असतील. त्यांतील बहुतेकांच्या वह्या रद्दीत गेल्या, हेही आईबापांच्या बाजूने नोंदवले पाहिजे.

रिकची वाटही सरळ नव्हती. ऐन उमेदीत मोटार अपघातात त्याच्या चेहऱ्याला आणि एका डोळ्याला गंभीर इजा झाली. चित्रकाराचाच डोळा तो! काही काळ त्यावर पट्टी आली. तरी त्याने कलाशाळेत प्रवेश घेतला, मग सॅन फ्रान्सिस्को गाठले आणि संगीतसभांच्या भित्तिचित्रांनी नाव मिळवले. १९६७ मध्ये 'रोलिंग स्टोन' हे नवे नियतकालिक निघाले. त्याच्या शीर्षकाची वळणदार अक्षरे रिकचीच. त्याच्या मते तो केवळ कच्चा आराखडा होता, अजून घोटायचा होता. संपादकांनी तोच उचलला आणि छापला.