काळा घोडा

मागच्या रविवारी वस्तीतल्या मुलांना घेऊन आम्ही भायखळ्याच्या राणीच्या बागेत गेलो. भाऊ दाजी लाड संग्रहालयाजवळ घोड्यावर बसलेल्या स्वाराचा पुतळा आहे. "हाच मूळचा काळा घोडा," आम्ही सांगितले.

"पण काळा घोडा तर फोर्टात आहे ना?" मुलांनी विचारले.

हा पुतळा इंग्लंडच्या युवराजाचा, पुढे राजा झालेल्या सातव्या एडवर्डचा. अल्बर्ट ससून यांनी दिलेला हा पुतळा १८७९ साली फोर्टात उभा राहिला. रस्त्याने जाणाऱ्या लोकांनी युवराजाला विचारले नाही. घोड्याचा रंग पाहिला आणि त्या जागेला नाव पडले. १९६५ साली पुतळा तेथून हलवला, पण नाव हलले नाही. २०१७ साली तेथे पुन्हा काळा घोडा बसवला, तोही स्वाराविना.

"म्हणजे रंगावरून पडलेलं नाव जातच नाही?" एका मुलाने विचारले. त्याला वस्तीत सगळे 'काळ्या' म्हणतात. आम्हीही म्हणत होतो. आम्हाला उत्तर सुचले नाही.

परतताना आम्ही त्याला शाळेतल्या नावाने हाक मारली. त्याने वळून पाहिले नाही. दुसऱ्यांदा मारली, तेव्हा वळला.

पालकहो, आपापल्या वस्तीत ही हाक एकदा मारून पाहा.