पुस्तकापलीकडचा तास

बाबासाहेबांच्या विद्यार्थिदशेतील एक गोष्ट आपल्या घराघरांत ठाऊक आहे. शाळेत त्यांना संस्कृत शिकायचे होते. ते नाकारले गेले आणि नाइलाजाने त्यांना पर्शियन घ्यावी लागली. पुढे संस्कृतचा अभ्यास त्यांनी स्वतःच्या बळावर केला. १९०७ साली मॅट्रिक झालेले बाबासाहेब १९१३ साली बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात पोहोचले, तेव्हा मात्र त्यांच्यापुढे विषयांची दारे सताड उघडी होती. अर्थशास्त्राच्या जोडीने इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र असे किती तरी विषय त्यांनी तेथे अभ्यासले. या दोन गोष्टी शेजारी-शेजारी ठेवल्या की एक मूलभूत प्रश्न उभा राहतो. कोणत्या मुलाला कोणता विषय शिकता येईल, हे ठरवते कोण?

आज आपल्या मुलांना तोंडावर कोणी विषय नाकारत नाही. पण नकाराच्या इतर रीती शिल्लक आहेत. वेळापत्रकात तास नसतो. संचमान्यतेत त्या विषयाच्या शिक्षकाचे पद नसते. शहरात तो विषय शिकवला जातो, पण तेथील खासगी क्लासचे शुल्क घरच्या वर्षभराच्या मिळकतीला गिळून टाकणारे असते. हा नकार कोणाच्या मुखातून येत नाही, म्हणून तो ऐकूही येत नाही. आपल्या शाळेत नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी पाठ्यक्रमापलीकडील विषयांचे ऑनलाइन अभ्यासक्रम आम्ही सुरू केले, ते या न ऐकू येणाऱ्या नकाराला उत्तर म्हणून. या शाळेत गणित शिकवणारा एक शिक्षक या नात्याने त्याविषयीचे काही अनुभव आणि त्यातून आलेले विचार माजी विद्यार्थी, पालक व धम्मबांधवांपुढे ठेवावेत, असे वाटले.

एकाच रेषेला लंब असलेल्या दोन रेषा परस्परांना समांतर असतात, हे आपण नववीत शिकतो. एका वर्षी हा भाग चालू असताना एका विद्यार्थिनीने भूगोलाच्या कपाटातला पृथ्वीगोल आणून टेबलावर ठेवला. सगळी रेखावृत्ते विषुववृत्ताला काटकोनात छेदतात, मग ती ध्रुवावर एकमेकांना भेटतात कशी, असा तिचा प्रश्न होता. तेवढ्यावर ती थांबली नाही. विषुववृत्त, शून्य अंशाचे रेखावृत्त आणि नव्वद अंशांचे रेखावृत्त यांनी बनणाऱ्या त्रिकोणाचे तिन्ही कोन काटकोन आहेत, हे तिने बोट फिरवून वर्गाला दाखवले. पुस्तकातले प्रमेय सपाट पृष्ठभागापुरते आहे, गोलाची भूमिती निराळी, असे मी सांगितले. उत्तर बरोबर होते, पण त्या मुलीची जिज्ञासा तेवढ्याने शमणारी नव्हती. वक्र पृष्ठभागांची भूमिती हा विषय रीतसर भेटतो तो पदवीच्या वर्गात किंवा त्याच्याही पुढे. या मुलीचे आईवडील वर्षातले पाच-सहा महिने ऊसतोडीला परजिल्ह्यात असतात. तिच्या घराण्यातून पदवीपर्यंत तोवर कोणी पोहोचलेले नव्हते. तोपर्यंत तिचा प्रश्न जिवंत राहील, याची हमी कोणी द्यावी?

अशा प्रश्नांना पुरेल एवढे शिक्षण आज जवळजवळ विनामूल्य उपलब्ध आहे, ही आपल्या काळाची मोठी देणगी आहे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेने आपल्या अभ्यासक्रमांचे साहित्य जगाला खुले करण्याची घोषणा २००१ साली केली. आपल्याकडे आयआयटी आणि बंगळूरुची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून २००३ साली ‘एनपीटेल’ सुरू केले. २०१७ साली केंद्र शासनाचे ‘स्वयं’ आले. त्यात महाविद्यालयीन विषयांबरोबर नववी ते बारावीचे अभ्यासक्रमही आहेत. व्याख्यान पाहावे, दिलेले वाचन करावे, स्वाध्याय सोडवावेत आणि अडले तर चर्चेत विचारावे, अशी त्याची रचना आहे. व्याख्याने ऐकण्यास पैसे पडत नाहीत. प्रमाणपत्र हवे असेल तर परीक्षेचे शुल्क भरून केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी लागते. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’मधील सुमारे दहा-दहा मिनिटांचे पाठ तर संगणकावर उतरवून घेता येतात आणि त्यांतील अनेक पाठ मराठीत ऐकता येतात. आपल्या परिसरातल्या इंटरनेटची अवस्था सर्वांना ठाऊक असल्यामुळे ही सोय किती मोलाची, हे वेगळे सांगायला नको.

तथापि, दार उघडे असणे आणि मूल आत पोहोचणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. नालंदा महाविहाराच्या दाराशी विद्वान बसत आणि प्रवेशेच्छूंना कठीण प्रश्न विचारत. दहांपैकी सात-आठ जण तेथूनच परतत, असे ह्युएन त्संगने लिहून ठेवले आहे. तिथे आत जाणे अवघड होते, परंतु एकदा आत गेलेला भिक्खू एकटा नसे. आजच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांत याच्या उलट घडते. दाराशी कोणी अडवत नाही आणि आत कोणी भेटतही नाही. २०१२ साली एमआयटीने विद्युतमंडलांविषयीचा अभ्यासक्रम जगभरासाठी खुला केला, तेव्हा दीड लाखांहून अधिक लोकांनी नावे नोंदवली. उत्तीर्ण झाले ते सात हजारांच्या आसपास.

त्यांपैकी पूर्ण गुण मिळवणाऱ्या ३४० जणांत मंगोलियाची राजधानी उलानबातर येथील बत्तुशिग नावाचा पंधरा वर्षांचा शाळकरी मुलगा होता. जगभर त्याचे कौतुक झाले आणि ‘एका संगणकाने केलेला चमत्कार’ म्हणून ही कथा सांगितली गेली. मला मात्र त्या कथेतला दुसरा भाग अधिक मोलाचा वाटतो. त्याच्या शाळेचे मुख्याध्यापक स्वतः एमआयटीत शिकलेले होते. मुलांनी नुसती व्याख्याने पाहून भागणार नाही, हे ओळखून त्यांनी अमेरिकेतील आपल्या परिचयाच्या एका संशोधक विद्यार्थ्याला बोलावून घेतले. तो प्रयोगाचे साहित्य घेऊन उलानबातरला आला आणि व्याख्यानांच्या जोडीने मुलांकडून प्रत्यक्ष प्रयोग करवून घेऊ लागला. मुलाची बुद्धी तर असामान्य होतीच. पण पडद्यावरच्या प्राध्यापकाइतकाच शेजारी उभा असलेला माणूसही त्या यशात वाटेकरी होता.

भदंत आनंदांनी एकदा भगवान बुद्धांना म्हटले, की चांगल्या मित्राची संगत म्हणजे श्रेष्ठ जीवनाचा निम्मा भाग होय. बुद्धांनी त्यांना थांबवले आणि तो निम्मा नव्हे, सगळाच आहे, असे सांगितले. संयुत्त निकायातील हा प्रसंग आपण धम्मप्रवचनांत अनेकदा ऐकतो. ऑनलाइन शिक्षणाला तो जितका लागू पडतो, तितका अन्य कशाला क्वचितच लागू पडत असेल. पाठ अमाप आहेत. वाण आहे ती कल्याणमित्राची.

म्हणूनच आमचा पहिला निर्णय असा झाला, की हे अभ्यासक्रम कोणी एकट्याने पाहायचे नाहीत. सायंवंदनेनंतरचा एक तास, ग्रंथालयाची खोली, भिंतीवर एकच पडदा आणि भोवती सर्व मुले, अशी व्यवस्था ठरली. त्यामुळे मुलांच्या हाती मोबाइल देण्याचा प्रश्न उरला नाही आणि पालकांची रास्त धास्तीही दूर झाली. दहा मिनिटांचा पाठ पुरता ऐकायला कधी कधी चाळीस मिनिटे लागतात, कारण ‘थांबवा’ म्हणण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. ज्याला कळले त्याने फळ्यापाशी जाऊन मराठीत समजावून सांगायचे. ते कोणालाच कळले नाही, तर प्रश्न वहीत उतरवून ठेवायचा आणि आठवडाभर त्याचा पिच्छा पुरवायचा. गणिताचे काही प्रश्न माझ्या आवाक्याबाहेरचे निघतात. तेव्हा मीही त्यांच्यातलाच एक विद्यार्थी होऊन पुढच्या बाकावर बसतो.

भाषेचा अडथळा सर्वांत मोठा. दहावीपर्यंत मराठीत शिकलेल्या मुलाची अकरावीच्या विज्ञान शाखेत एकाएकी इंग्रजी पुस्तकाशी गाठ पडते आणि कालपर्यंत हुशार गणला गेलेला मुलगा मुका होतो. या खोलीत त्यावर आपोआप एक उपाय सापडला. मुलांनी शब्दांची वही सुरू केली. ‘सेट’ म्हणजे संच, ‘व्हेरिएबल’ म्हणजे चल, ‘प्रूफ’ म्हणजे सिद्धता. कल्पना त्यांना ठाऊक होत्याच, त्यांचे दुसरे नाव तेवढे कळायचे होते. परकी भाषा आली म्हणून आपले ज्ञान नाहीसे होत नाही, एवढा धीर चौदाव्या वर्षी मिळाला, तर सोळाव्या वर्षीचा धक्का सोसवतो. माझ्या मते प्रगत अभ्यासक्रमाचा हा लाभ त्यातील विषयज्ञानाहून कमी नाही.

या उपक्रमावर एक आक्षेप घेतला गेला आणि तो आदराने ऐकावा असा होता. काही मुलांना अजून अपूर्णांकांची बेरीज जमत नाही, मग मूठभर हुशार मुलांसाठी वीज, संगणक आणि शिक्षकाची संध्याकाळ का खर्चावी? समतेच्या नावाने चालणाऱ्या शाळेत ‘प्रगत’ आणि ‘मागे पडलेले’ अशी नवी उतरंड उभी राहिली, तर आपण केले तरी काय? या आक्षेपाने आम्हाला दोन नियम दिले. पहिला असा, की या खोलीत येण्यासाठी परीक्षा नाही आणि गुणांची अट नाही. ज्याला बसावेसे वाटते त्याने बसावे, जमेनासे झाले तर संकोच न करता उठावे आणि पुन्हा वाटेल तेव्हा परत यावे. दुसरा नियम असा, की येथे बसणाऱ्याने आठवड्यातून एक तास पाचवी-सहावीच्या मुलांना द्यायचा. गोलावरच्या त्रिकोणाचा ध्यास घेतलेली मुलगी आता लहानांना अपूर्णांक शिकवते. भाकरीचे चतकोर मांडून तिने केलेली बेरीज माझ्या फळ्यावरच्या बेरजेहून त्यांना लवकर कळते. वरच्या ज्ञानाचे पाणी खाली झिरपते ठेवले, तर उतरंड उभी राहत नाही.

सुरुवातीला भरणारी खोली पुढे रिकामी होत जाते, हेही नमूद केले पाहिजे. एखादा अभ्यासक्रम शेवटपर्यंत नेणारी मुले निम्म्याहून कमीच असतात. त्याची मला खंत वाटत नाही. प्रमाणपत्र हाती नसलेल्या मुलानेही तीन आठवडे एका कठीण विचाराच्या सहवासात काढलेले असतात आणि ते वाया जात नाहीत.

खंत आहे ती निराळीच. संगणकाच्या पायथन भाषेचे पाठ या खोलीत सर्वांच्या आधी पुरे करणारा एक विद्यार्थी दहावीनंतर घरच्या ओढगस्तीमुळे कामाला लागला. आज त्याच्या खिशात मोबाइल आहे आणि इंटरनेटही आहे. येथे होते तेच पाठ, त्याच आवाजात, त्याला कोठेही ऐकता येतील. तरीही गेल्या दोन वर्षांत त्याने एकही पाठ ऐकलेला नाही. भेटला तेव्हा तो म्हणाला, “सर, पाठ आहेत हो, पण तो तास नाही राहिला.” विनामूल्य असणे आणि लाभणे यांतले अंतर एवढ्या थोड्या शब्दांत मी दुसरीकडे वाचलेले नाही. वसतिगृहाने त्याला जेवण दिले, छप्पर दिले, आणि त्याहून दुर्मीळ असा निवांत तास व सोबत दिली. दाखला हाती पडला त्या दिवशी या दोन्ही गोष्टी संपल्या.

या स्मरणिकेच्या वाचकांत आपले शेकडो माजी विद्यार्थी असतील. कोणी अभियंता, कोणी परिचारिका, कोणी बँकेत, कोणी शिक्षक. त्यांच्यापुढे माझी मागणी देणगीची नाही. आपल्या क्षेत्रातला एक विषय निवडून आठवड्यातला एक तास या मुलांसाठी राखावा. प्रत्यक्ष येता आले तर उत्तमच, नाहीतर पडद्यावरून. व्याख्यान द्यायचे नाही, ती मोठमोठ्या प्राध्यापकांनी देऊन ठेवलेली आहेत. फक्त मुले अडतील तेथे सोबत करायची. पालकांना विनंती अशी, की सुटीत मूल घरी आले की एवढा तास त्याच्याकडून काम मागू नये. आणि संस्थेच्या विश्वस्तांकडे एक प्रस्ताव आहे. दर रविवारी ग्रंथालयाची ही खोली, शाळा सोडून गेलेल्या आणि शिक्षण अर्धवट राहिलेल्या आपल्या मुलामुलींसाठीही उघडी ठेवावी. चहाची व्यवस्था शिक्षक आपसांत करतील. आयआयटी मद्रासने २०२० पासून विदाशास्त्राचे पदवी शिक्षण ऑनलाइन सुरू केले आहे. त्यासाठी जेईईची अट नाही, आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व अल्प उत्पन्न गटांतील विद्यार्थ्यांना शुल्कात सवलत आहे. बारावी करून तेथवर जाण्याची कुवत असलेली मुले आपल्यातूनच बाहेर पडलेली आहेत. त्यांना परत एकदा एका बाकावर बसवणे एवढेच आपल्या हाती आहे, आणि तेवढे तरी आपण करू शकतो.

विषय नाकारला गेल्यावर तो स्वतःच्या बळावर मिळवणारा विद्यार्थी शतकातून एखादा जन्मतो. इतर सर्वांसाठी एक खोली लागते, एक तास लागतो आणि शेजारी बसणारे कोणी तरी लागते.

जयभीम. नमो बुद्धाय.