राहतो तिथली वस्ती

लंडनमधल्या मराठी माणसाला डॉलिस हिल म्हटलं की महाराष्ट्र मंडळ आठवतं. १९३२ साली स्थापन झालेल्या या संस्थेची वास्तू डॉलिस हिल लेनवर आहे. गणपतीत तिथे पाय ठेवायला जागा नसते. दिवाळीला, संक्रांतीला मंडळी लांबून येतात, जेवतात, गाणं ऐकतात आणि गाडी काढून घरी जातात. त्याच टेकडीवर ग्लॅडस्टन पार्क आहे. तिकडे आपल्यातलं फारसं कुणी वळत नाही. मला हे मनापासून खटकतं.

बागेच्या वरच्या अंगाला १८२५ साली बांधलेलं डॉलिस हिल हाउस होतं. पंतप्रधान ग्लॅडस्टन तिथे पाहुणे म्हणून येत. १९०० सालच्या उन्हाळ्यात मार्क ट्वेन सहकुटुंब तिथे राहिला आणि त्या जागेच्या प्रेमातच पडला. हाच ट्वेन त्याच्या चार वर्षं आधी, १८९६ च्या जानेवारीत मुंबईत उतरला होता. पहिल्या महायुद्धात त्या घराचं रुग्णालय झालं. पुढे दुर्लक्ष झालं, १९९५ आणि १९९६ साली आगी लागल्या, छप्पर गेलं. रहिवाशांनी ट्रस्ट काढला, पैसे उभे करायची धडपड केली, पण जमलं नाही. २०१२ च्या जानेवारीत घर पाडलं.

जवळच पोस्ट खात्याचं संशोधन केंद्र होतं. दुसऱ्या महायुद्धात टॉमी फ्लॉवर्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तिथे ‘कोलोसस’ हा संगणक बांधला, जर्मनांचे सांकेतिक संदेश फोडायला. त्याच आवारात जमिनीखाली युद्धमंत्रिमंडळासाठी तळघर खोदलं होतं, आणि १९४० च्या ऑक्टोबरात चर्चिलच्या मंत्रिमंडळाची बैठक तिथे भरली होती. आमच्याकडे संगणकक्षेत्रात काम करणारी मराठी मुलं ढिगानं आहेत. त्यांना कोलोससची गोष्ट सांगितली की डोळे विस्फारतात.

पण मला सांगायची आहे ती वाचनालयाची हकिगत. डॉलिस हिलच्या दक्षिणेला केन्सल राइज आहे, आमच्याच ब्रेंट बरोत. तिथल्या वाचनालयाचं उद्घाटन २७ सप्टेंबर १९०० रोजी मार्क ट्वेननं केलं, डॉलिस हिलला मुक्कामाला असतानाच. जमीन ऑक्सफर्डच्या ऑल सोल्स कॉलेजनं दिली होती, वाचनालयासाठीच. पुढे अँड्र्यू कार्नेगीच्या देणगीतून इमारत वाढली. शंभराहून जास्त वर्षं त्या भागातली मुलं तिथे अभ्यास करत होती, म्हातारी माणसं वर्तमानपत्र चाळत होती, आणि नुकतं आलेलं कुणी तरी इंग्रजीतला अर्ज कसा भरायचा ते विचारत होतं.

२०११ साली ब्रेंट कौन्सिलनं आपल्या बारापैकी सहा वाचनालयं बंद करायचं ठरवलं. कारण पैशांचं होतं, सरकारकडून येणारा निधी आटला होता. लोक हायकोर्टात गेले, हरले. अपिलात गेले, तिथेही हरले. झेडी स्मिथ ही कादंबरीकार इथल्याच विल्सडेनमध्ये वाढलेली. तिनं आवाज उठवला, अ‍ॅलन बेनेटसारखे लेखक आले. तरी खरा भार वाहिला तो गल्लीतल्या माणसांनी. बंद दाराबाहेर त्यांनी टेबलं मांडून पुस्तकं देणं सुरू केलं आणि इमारतीवर पहारा ठेवला. २०१२ च्या मे अखेरीस एका पहाटे, अंधारातच, पोलिसांच्या सोबतीनं आतली पुस्तकं हलवली गेली.

दुसरीकडे कुठे असतं, तर प्रकरण इथेच मिटलं असतं. केन्सल राइजची माणसं मात्र बैठकांना जात राहिली. जमीन कुणी, कशासाठी दिली याचे जुने कागद त्यांना पाठ होते, त्यामुळे त्यांना कुणी हटकू शकलं नाही. अखेर तडजोड झाली: इमारतीत फ्लॅट आले, पण तळमजल्यावर वाचनालयाची जागा राखून ठेवावी लागली. २०१९ मध्ये ते उघडलं. आता ते रहिवासीच चालवतात.

हा पूर्ण विजय आहे असं मी म्हणणार नाही. पगारी ग्रंथपालाची जागा फुकट राबणाऱ्या माणसांनी भरून काढावी, ही पद्धत मला पटत नाही. वाचनालयाची चांगली सोय करणं हे कौन्सिलचं कर्तव्य असल्याचं इथल्या १९६४ च्या कायद्यातच लिहिलं आहे. पण दिवे लागलेली ती खोली, आणि शाळा सुटल्यावर तिथे येणारी सोमाली, पोलिश, गुजराती, जमैकन घरांतली पोरं पाहिली की वाटतं, माणसं अडून बसली नसती तर यातलं काहीच उरलं नसतं.

हे सगळं मी फोनवर आमच्या गावी, इंदापूर तालुक्यातल्या निरवांगीला, चुलत्यांना सांगत होतो. ते म्हणाले, “आरं, तितल्या वाचनालयाचं तुला काय पडलंय? तू आपलं गावाकडचं बघ.” मी म्हणालो, “नाना, मी जिथं राहतो तेपण गावच की.” ते थोडं थांबले. मग म्हणाले, “ते बी खरं हाय म्हणा.”

नानांचं म्हणणं मी सोडून दिलेलं नाही. गावाकडचं बघायलाच हवं. आमच्या इंदापूर तालुक्याचं आयुष्य नीरेच्या कालव्यानं बदललं. तिशीच्या दशकात वालचंद हिराचंदांनी कळंबच्या माळावर साखर कारखाना काढला, त्यातून वालचंदनगर उभं राहिलं आणि पुढे तिथल्याच कारखान्यात इस्रोच्या अग्निबाणांचे भाग घडले. त्या भट्ट्यांपुढे, उसाच्या फडात ज्यांनी घाम गाळला त्यांच्या आठवणी कुठे लिहून ठेवल्या आहेत? आमच्या गावच्या नंदिकेश्वराच्या देवळाबद्दल म्हातारी माणसं जे सांगतात ते कुणी टिपून घेतलं आहे? केन्सल राइजच्या लोकांना जुन्या कागदानं तारलं. आपल्याकडे गायरान, ओढा, देवस्थानची जमीन यांचे वाद उठतात तेव्हा पहिला प्रश्न हाच असतो, की पूर्वी इथे काय होतं. तो सांगणारा म्हातारा गेला की गाव मुकं होतं. गावातल्या पोरांच्या हातात आता फोन आहेत. एकेका आजोबांसमोर फोन धरून तासभर बोलतं करणं अवघड नाही. आणि ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबरला भरतात, त्यांना कोरम मिळू द्या.

एकत्र येऊन काम करणं आम्हाला कुणी शिकवायला नको. तुकोबांची पालखी बेलवाडी, अंथुर्णे, निमगाव केतकीवरून जाते तेव्हा त्या वाटेवरचं प्रत्येक घर यजमान होतं. भाकरी थापायला, पाणी भरायला, पाय चेपायला कुणाला आमंत्रण लागत नाही. तेच अंग परदेशात आलं की आपल्या माणसांच्या कार्यक्रमापुरतं उरतं, गल्लीपर्यंत पोचत नाही. शेजारच्या रस्त्यावरचं झाड तोडायची नोटीस लागते, बसचा मार्ग बदलतो, दवाखाना हलतो, आणि आपण ‘हा त्यांचा प्रश्न’ म्हणून पुढे जातो. मुलं ज्या शाळेत जातात, आई-वडील भेटीला आले की ज्या बागेत फिरतात, ती जागा परकी कशी?

आणखी एक गोष्ट, जी इथल्या कितीतरी मराठी घरांत ठाऊकच नसते. ब्रिटनमध्ये कायदेशीर राहणाऱ्या भारतीय नागरिकाला, भारताचाच पासपोर्ट असला तरी, मतदानाचा हक्क आहे. राष्ट्रकुलातले नागरिक म्हणून कौन्सिलच्या निवडणुकीत आणि पार्लमेंटच्याही. लंडनमधल्या कौन्सिलांच्या निवडणुका दर चार वर्षांनी मे महिन्यात होतात, आणि वाचनालय ठेवायचं की नाही हे तिथेच ठरतं. मतं थोडी असतात म्हणून कुणी हसू नये: १८९२ साली दादाभाई नौरोजी सेंट्रल फिन्सबरीतून पार्लमेंटवर निवडून गेले ते अवघ्या पाच मतांनी. तुमचं नाव मतदार यादीत आहे का ते पाहा. नसेल तर याच आठवड्यात नोंदवा, आणि तुमच्या गल्लीसाठी होणाऱ्या पुढच्या बैठकीला जा.